आधी दुखणं, मग शक्ती: कॉमिकमधल्या त्रासलेल्या पात्राला भावनेची ताकद कशी द्यावी

दर उन्हाळ्यात अंबाजोगाईत आठ-दहा पोरापोरींना घेऊन मी कॉमिक काढायला बसतो. पहिल्या दिवशी सगळ्यांना एकच काम असतं. एक त्रासलेलं पात्र तयार करा आणि त्याच्या भावनेतून निघणारी एखादी शक्ती त्याला द्या. संध्याकाळी कागद गोळा केले की निम्म्याहून जास्त कागदांवर आग असते. बाप दारू पितो, पोराला राग येतो, मुठीतून आग. सावकार दारात येतो, राग, डोळ्यांतून आग. एकानं तर एस.टी. चुकलेल्या माणसालाही आग दिली होती.

रागाशी माझं वैर नाही. पण ते हाताशी लागलेलं पहिलं उत्तर असतं, आणि पहिलं उत्तर बहुतेक वेळा पात्राचं नसून आपलं असतं. हे लिखाण ज्यांनी अजून एकही कॉमिक पूर्ण केलेलं नाही त्यांच्यासाठी आहे. चित्र किती सुबक येतं हा विषय सध्या बाजूला ठेवा. काडीची माणसं काढलीत तरी चालतील.

पायरी पहिली: दुखणं एका वाक्यात, विशेषण न वापरता

सोबत एक पात्र घेऊन चालू, म्हणजे नुसतं बोलणं होणार नाही. रुक्मी, वय १३. धारूर तालुक्यातली एक वाडी. दसरा-दिवाळीच्या सुमाराला आईबाप मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला जातात ते कारखाना बंद झाल्यावरच परत येतात. नवराबायकोच्या जोडीला तिकडे ‘एक कोयता’ म्हणतात. माणसं दोन, पण हिशेबात नाव हत्याराचं. रुक्मी, तिचा सहा वर्षांचा भाऊ आणि आजी मागं राहतात.

वर्गातल्या एका मुलानं लिहिलं होतं, ‘रुक्मी खूप दुःखी आणि एकटी आहे.’ हे वाक्य कुणालाही लागू पडतं, म्हणून ते रुक्मीला लागू पडत नाही. दोन दिवस घासाघीस झाल्यावर त्याचं असं झालं: ‘रुक्मी रोज रात्री पेटीतली आईची साडी काढते, घडी मोडते, पुन्हा घालते, आणि भावानं विचारलं की सांगते, झुरळं लागली का बघत होते.’

यात दुःख हा शब्द नाही. पण साडी आहे, खोटं आहे आणि ते खोटं कुणासाठी आहे हेही आहे. असं वाक्य हाती येईपर्यंत पुढच्या पायरीवर जाऊ नका. इथं दोन दिवस गेले तरी जाऊ द्या.

पायरी दुसरी: वर दिसते ती भावना खरी धरू नका

‘सर, तिला राग येतंय नं, मग आग द्या की.’ हे दुसऱ्या दिवशी आलंच. मी विचारलं, राग कुणावर? आईबापावर? ते बिचारे पहाटे थंडीत फडात असतात. मुकादमावर? त्याला तिनं आयुष्यात दोनदा पाहिलंय. मग एक मुलगी म्हणाली, भावावर. सगळे गप्प झाले, कारण ते बरोबर होतं.

आता खाली खणायचं. भावावर राग का? तो रोज दिवेलागणीला विचारतो, आई कधी येणार. त्याचा राग का यावा? तिला उत्तर माहीत नाही. उत्तर माहीत नसलं तर काय बिघडलं? मागच्या हंगामात वाडीतल्या एका घरचा माणूस उसाच्या ट्रॅक्टरखाली सापडला आणि परत आलाच नाही. म्हणजे तळाशी भय आहे. राग हे त्यावर टाकलेलं घोंगडं. तीनदा ‘का’ विचारलं की बहुतेक पात्रांचा तळ लागतो. चौथ्यांदा विचारू नका, त्यापुढं कॉमिक राहत नाही, चौकशी होते.

याला आपल्याकडे फार जुनं नाव आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात भावांची मोजदाद ४९ आहे: आठ स्थायी, तेहतीस संचारी आणि आठ सात्त्विक. स्थायी म्हणजे मुक्कामाला असलेला भाव. संचारी येतात, जातात, गर्दी करतात. आठ स्थायी असे: रती, हास, शोक, क्रोध, उत्साह, भय, जुगुप्सा, विस्मय. नवव्या शांत रसाची भर नंतरची. नाटकवाल्यांसाठी केलेली ही यादी कॉमिकवाल्याला फुकटात मिळालेली आहे, आणि मला तरी अजून तिच्याहून कामाची यादी सापडलेली नाही. नियम साधा ठेवा: शक्ती स्थायी भावातून द्या. संचारी भावातून फक्त चेहरे काढा.

क्रोध हा स्थायींपैकीच आहे, हे तुमच्या लक्षात आलं असेल. म्हणजे काही पात्रांच्या तळाशी खरोखर क्रोध असतो. पण रागाचं जगातलं सगळ्यांत गाजलेलं पात्र, हिरवा हल्क, त्याचं बघा. १९६२ साली तो पहिल्यांदा आला तेव्हा तो राखाडी होता, हिरवा पुढच्या अंकापासून झाला. आणि सुरुवातीला बॅनरचा, म्हणजे हल्कच्या आतल्या साध्या माणसाचा, हल्क व्हायचा तो रागानं नाही, सूर्य मावळला की. रागाचं सूत्र नंतर जुळलं. आणि १९८५ च्या एका अंकात कळलं की बॅनर लहान असताना बापाच्या मारहाणीच्या दहशतीत वाढला होता. वाचकांनी इतकी वर्षं राग पाहिला, तळाशी घाबरलेलं पोर होतं. तेवीस वर्षांनी कुणाला तरी ते दिसलं. तुम्ही पहिल्याच अंकात बघा.

पायरी तिसरी: दोन डबे उघडा

भावनांवरच्या शक्तींचा सगळ्यांत नीट मांडलेला डबा अमेरिकन कॉमिकमध्ये आहे, ग्रीन लँटर्न या नायकाच्या गोष्टींतल्या अंगठ्यांचा; घालणाऱ्याला त्या एकेका भावनेतून शक्ती देतात. सात रंग, सात भावना: लाल राग, नारिंगी हाव, पिवळं भय, हिरवी इच्छाशक्ती, निळी आशा, गडद निळी करुणा आणि जांभळं प्रेम. प्रत्येक रंगाची अंगठी वेगळी आणि प्रत्येकीची खोड वेगळी. दुसरा डबा आपला, आठ रसांचा; वरच्या प्रत्येक स्थायी भावाचा एक रस. त्यालाही रंग आहेत: शृंगार श्याम, हास्य पांढरा, करुण पारव्याच्या रंगाचा, रौद्र लाल, वीर गौर, भयानक काळा, बीभत्स निळा, अद्भुत पिवळा. राग दोन्हीकडे लाल. पण पिवळा तिकडे भीतीचा आणि इकडे आश्चर्याचा; निळा तिकडे आशेचा, इकडे किळसेचा. म्हणून रंगावरून भावना सुचवायची असेल तर कुठला डबा वापरताय ते आधी ठरवा आणि मध्येच बदलू नका. मला स्वतःला करुणेचा पारवा रंग फार आवडतो. वाड्याच्या वळचणीला बसलेल्या पारव्याचा तो करडा-निळा रंग. शोक असाच दिसत असणार.

आता कुठली शक्ती कुणाला शोभते, याबद्दल माझी मतं. ती मतंच आहेत.

राग द्यायचा तर ज्याचा आवाज कधी चढत नाही त्याला द्या. ओसरीवर पाहुण्यांना चहा देऊन मुकाट आत जाणारी थोरली सून. जो आधीच तापट आहे त्याला रागाची शक्ती म्हणजे चुलीत रॉकेल. भडका होतो, भाकरी होत नाही.

हाव शोभते ती उपाशी राहिलेल्याला. श्रीमंताला हाव देणं सोपं आहे, पण त्यात गोष्ट नाही. १९७२ चा दुष्काळ पाहिलेली आजी घ्या. घरात नळ आला तरी ती रोज सगळी भांडी भरून ठेवते, तांब्यासुद्धा. तिनं धरलेली वस्तू कधी संपत नाही, ही तिची शक्ती. पण धरलेलं तिला सोडता येत नाही. नातवाला पाणी द्यायचं तर तांब्या हातातून सुटायला हवा ना! अंगठ्यांच्या जगातही नारिंगी रंगाचा खरा धनी एकच आहे, लार्फ्लीझ, कारण हाव वाटून घेता येत नाही.

आशा एकटी चालत नाही. तिकडची निळी अंगठी जवळ हिरवी असल्याशिवाय फारसं काही करू शकत नाही, ही खोड मला फार खरी वाटते. स्पर्धा परीक्षेच्या पाचव्या प्रयत्नाला बसलेला मुलगा आणि त्याला दर महिन्याला पैसे पाठवणारी बहीण, अशी जोडी असेल तर आशेची शक्ती द्या. एकट्या पात्राला ती दिलीत तर भाषण होतं.

करुणेबद्दल तिकडे एक भन्नाट कल्पना आहे. करुणेची अंगठी दयाळू माणसाकडे जात नाही, ज्याच्यात करुणा मुळीच नाही अशा क्रूराच्या बोटात जाऊन बसते आणि त्याला दुसऱ्याचं दुःख भोगायला लावते. म्हणून करुणा नायकाला देऊ नका, खलनायकाला द्या. तुमच्या गोष्टीत सावकार असेल तर दारावर थाप मारताक्षणी आतल्या बाईच्या पोटातला गोळा त्याच्याच पोटात उठू द्या. त्याला मारायची गरज राहणार नाही.

प्रेमाला आपल्या मुलखात उदाहरण शोधावं लागत नाही. गंगाखेडची जनाबाई लहानपणी नामदेवांच्या घरी कामाला आली, आणि परंपरा सांगते की तिच्याबरोबर दळायला विठ्ठल बसायचा. ज्याला कुणी नाही त्याच्या प्रेमाची ताकद म्हणजे जात्याच्या दुसऱ्या बाजूला कुणीतरी येऊन बसणं. यात स्फोट नाही, पण वाचक पान उलटतो.

इच्छाशक्तीच्या नादी नवख्यांनी लागू नये. ‘त्यानं ठरवलं आणि ते झालं’ यात वाचकाला करायला काही उरत नाही.

जुगुप्सा, म्हणजे किळस, त्या सात रंगांत नाही. पण गावाच्या आडावर ज्याच्या आजोबाला पाणी शेंदू दिलं नाही, अशा पात्राला याच्यासारखी शक्ती दुसरी नाही. किळस त्याची नव्हेच, ती बघणाऱ्याची. नाक मुरडणाऱ्याला स्वतःच्याच हाताची घाण येऊ लागते, एवढीच शक्ती. इथं नवख्यांनी एक गोष्ट टिपून ठेवावी: शक्ती देणारी भावना पात्राचीच असली पाहिजे असं नाही.

अजून एक. भावनेतून शक्ती ही परदेशी कल्पना आहे असं कुणी म्हणालं की मला हसू येतं. नवरात्रात आरतीला डफ-संबळ वाजू लागलं की एखाद्या बाईच्या अंगात येतं. केस मोकळे सुटतात, आवाज बदलतो. वर्षभर जिला कुणी बस म्हणत नाही, त्या सुनेच्या पायावर सासू डोकं ठेवते आणि विचारते, आई, काय चुकलं? त्याचं कारण काय, हे तुम्ही श्रद्धेनं बघा नाहीतर डॉक्टरच्या नजरेनं बघा. गोष्ट म्हणून बघाल तर त्रासलेल्या पात्राला भावनेनं दिलेली शक्ती याहून नीट मी कुठं पाहिलेली नाही. आरती संपल्यावर ती सून केस बांधून पुन्हा भांडी घासायला बसते, ती चौकट काढायला विसरू नका.

पायरी चौथी: शक्ती अंगातून काढा

भावना ठरली, पण ती करणार काय? इथं पोरं थेट आकाशाकडे बघतात. विजा, वादळं, पंख. मी त्यांना आठ सात्त्विक भाव फळ्यावर लिहून देतो, कारण ते शरीराचे आहेत, आपोआप होणारे: स्तंभ म्हणजे जागच्या जागी थिजणं, स्वेद म्हणजे घाम, रोमांच, स्वरभंग, वेपथु म्हणजे थरथर, वैवर्ण्य म्हणजे रंग उतरणं, अश्रू आणि प्रलय म्हणजे शुद्ध हरपणं. तुमच्या पात्राला ती भावना झाली की यातलं काय होतं? तेच मोठं करा, एवढं मोठं की ते अंगाबाहेर पडेल.

घाबरल्यावर रुक्मीचं काय होतं यावर वर्गात बरीच ओढाताण झाली. थरथर म्हणावी तर जमीन हादरवता आली असती. पण १९९३ च्या ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीला काय झालं हे आमच्या भागात घराघरात माहीत आहे. भूकंप करणारी नायिका इथं कुणाला गंमत वाटणार नाही, म्हणून ते मी खोडलं. शेवटी स्तंभ ठरला. रुक्मी घाबरली की थिजते. मोठं केल्यावर: रुक्मी घाबरली की तिच्याभोवतीचं सगळं थिजतं. कुत्रा हवेत झेप घेतलेला तसाच. आजीच्या परातीतलं पीठ उडालेलं तसंच. कंदिलाची वात वाकलेली तशीच. फक्त ती हलते.

बघा, आग देऊन हे हाती लागलं असतं का?

पायरी पाचवी: पैसे कुठून वसूल होणार?

शक्ती फुकट दिलीत तर तिसऱ्या पानावर गोष्ट संपते. थकवा, नाकातून रक्त, चक्कर ही किंमत धरू नका. तो नुसता खर्च. किंमत पहिल्या पायरीच्या दुखण्यातूनच वसूल झाली पाहिजे.

धाराशिवजवळच्या तेरला गोरोबाकाकांची कथा लहान पोरांनाही ठाऊक असते. माती तुडवताना नामात इतके रंगले की रांगत आलेलं स्वतःचं बाळ पायाखाली गेलं. तल्लीन होणं हीच त्यांची ताकद, आणि तिनंच घेतलेली ही किंमत. दुसऱ्या कुणाचं बाळ असतं तर ती कथा सातशे वर्षं टिकली नसती. लाल अंगठीवाल्यांचंही असंच आहे. अंगठी घातली की माणसाचं काळीज थांबतं आणि त्याची जागा अंगठी घेते. मग ती काढली तर तो मरतो. म्हणजे रागानं वाचवलेल्या माणसाला आता राग सोडायची सोय राहिली नाही.

रुक्मीची किंमत ठरवायला आम्हाला एक अख्खी दुपार लागली. कुणी म्हणालं तिचे केस पांढरे होतील. कुणी म्हणालं ती आंधळी होईल. मी विचारलं, तिला हवंय काय? आईबाप परत यायला हवेत. मग किंमत तिथंच. रुक्मी जग जितका वेळ थांबवेल, तितके दिवस आईबापाचं येणं लांबेल. मिनिटाला एक दिवस. का, कसं, हे सांगायचं नाही. पहिल्यांदा कुत्र्यापासून भावाला वाचवताना तिला हे माहीत नसतं. दुसऱ्यांदा आजी विहिरीवर घसरते तेव्हाही नसतं. मग शेजारच्या फोनवर निरोप येतो की कारखाना अजून चालू आहे, आठ दिवस उशीर होईल. आणि ती बोटांवर मिनिटं मोजू लागते.

पायरी सहावी: ही शक्ती अजून कुणाला हवी आहे?

ही पायरी मला चुकून सापडली, माझ्याच एका फसलेल्या कॉमिकमुळं.

२०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला पाण्याची रेल्वे आली. १२ एप्रिलला मिरजेहून पहिली गाडी पोचली, दहा टाक्या, पाच लाख लिटर. त्याआधी पाण्याच्या जागी गर्दी होऊ नये म्हणून शहरात जमावबंदी लावली होती. टँकरभोवती घागरींच्या रांगा, रांगेतली भांडणं, सगळं ताजं होतं. मी जोशात आठ पानी कॉमिक काढलं. लातूरजवळच्या गावातला एक मुलगा. आई वारलेली. तो रडला की पाऊस पडतो. शेवटच्या पानावर तो आईच्या आठवणीनं ढसाढसा रडतो, तळं भरतं, गाव त्याला खांद्यावर घेऊन नाचतं. मला ते फार मोठं काम वाटत होतं.

आई ज्वारी निवडत होती. मी तिला पानं दाखवली. तिनं शेवटचं पान जरा जास्त वेळ धरलं आणि म्हणाली, ‘मग आता गाववाले त्याला हसू देतेत व्हय?’

मी गप्प. ती पुन्हा सुपाकडे वळली.

तेवढ्यात माझं कॉमिक कोसळलं आणि खरं कॉमिक सुरू झालं. गावाला पाणी हवं, पाण्याला त्याचं रडणं हवं, म्हणजे गावाला त्याचं दुःख हवं. दुष्ट कुणीच नाही. सरपंच भला माणूस आहे. तो फक्त दर गुरुवारी पोराला आईचा फोटो दाखवायला येतो. मास्तर वर्गात आईवरचा धडा दोनदा घेतात. त्याच्याशी खेळणाऱ्या पोराला घरी मार बसतो, कारण खेळताना तो हसला आणि दोन आठवडे ढग आला नाही. एकदा पोराला खरंच आनंद होतो, त्याला कुत्र्याचं पिल्लू मिळतं. आणि वाचकाच्या पोटात खड्डा पडतो, कारण त्या पिल्लाचं पुढं काय होणार हे त्याला कळलेलं असतं.

हे सगळं त्या आठ पानांत आधीपासून होतं. मी बघितलं नव्हतं, कारण शक्ती पात्राच्या बाजूनंच बघत होतो. तेव्हापासून वर्गात सहावा प्रश्न सक्तीचा आहे: या भावनेवर आणखी कुणाचं पोट आहे? उत्तर सापडलं की खलनायक वेगळा शोधावा लागत नाही.

अजिंठ्याच्या १० आणि १७ क्रमांकाच्या लेण्यांत छद्दंत जातकाचं, म्हणजे बुद्धाच्या मागच्या जन्मांतल्या एका गोष्टीचं, चित्र आहे. सहा सुळ्यांच्या हत्तीवर मागच्या जन्मीचा मत्सर धरून बसलेली राणी शिकाऱ्याला सुळे आणायला पाठवते. सुळे समोर येतात आणि तिचंच काळीज फाटतं. मत्सराला जे हवं होतं ते मिळालं, आता मत्सर करायला कोण उरलं? दीड-दोन हजार वर्षांपूर्वी चितारणाऱ्यानं हा प्रश्न भिंतीवर सोडवून ठेवलाय आणि आपण अजून मुठीतून आग काढतोय.

दोन गोष्टी करू नका

आजार ही शक्ती नाही. नैराश्य आलेल्या पात्राला ‘म्हणून त्याला दिव्य दृष्टी आहे’ असं केलंत, तर गोळ्या घेणारा वाचक विचार करतो की गोळ्या बंद केल्या तर मलाही दिसेल का. तसं कुणाला वाटू देऊ नका. आणि शेतकऱ्याची आत्महत्या ही कुणाच्या शक्तीची सुरुवात म्हणून वापरू नका. आमच्या वर्गात दरवर्षी निदान एक मूल असं असतं ज्याच्या घरात किंवा भावकीत ते झालेलं आहे. बाप गेला आणि पोराला ताकद मिळाली, ही देवाणघेवाण त्याला वाचायला लावायची नाही.

पानावर उतरवताना

नवख्यांनी आठ पानं पुरे धरावीत, पानावर चार ते सहा चौकटी. साधा ए-फोर कागद, एचबी पेन्सिल, वरून काळं जेल पेन. संगणकावर काढायचं असेल तर क्रिता नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. शक्ती पहिल्यांदा दिसेल ती चौकट सगळ्यांत मोठी ठेवावी हा मोह सगळ्यांना होतो. माझं म्हणणं उलट आहे, किंमत कळते ती चौकट मोठी ठेवा. रुक्मीच्या गोष्टीत कुत्रा थिजतो ती चौकट छोटी आहे. ती बोटांवर मिनिटं मोजते तिला अर्धं पान दिलंय.

भावना चेहऱ्यावर काढू नका, निदान आधी नको. अजिंठ्याच्या १६ व्या लेण्यात मूर्च्छित होत चाललेल्या राजकन्येचं चित्र आहे. तिचा चेहरा झाकून बघा. कललेली मान, निसटणारा हात आणि भोवतीच्या दासींच्या माना, यातूनच सगळं कळतं.

आणि संवादाचे फुगे. देवनागरीत अक्षराच्या वरही जागा लागते आणि खालीही. इंग्रजी कॉमिक बघून फुगे काढले की वेलांट्या, मात्रा, चंद्र सगळे फुग्याच्या रेघेवर जाऊन आदळतात. आधी अक्षरं लिहा, मग त्यांच्याभोवती फुगा काढा. दरवर्षी हे मी ओरडून सांगतो, दरवर्षी अर्धा वर्ग उलटं करतो.

रुक्मीचं आठवं पान कसं असावं यावर गेल्या वर्षी शेवटच्या दिवशी भांडण झालं. शेजारच्या घरी फोन वाजतो, आईचा असेल, किंवा आईबद्दलचा असेल. रुक्मीला इतकी भीती वाटते की सगळं थिजू लागतं, आणि थिजलं तर फोनही थिजणार. मुलांचं म्हणणं, थिजू द्या, तिला विचार करायला वेळ मिळेल. कोपऱ्यात एक मुलगी होती, आठवडाभर काही बोलली नव्हती, पहिल्या दिवशी तिनं नुसतं नाव लिहून कागद परत दिला होता. तिनं पान ओढून घेतलं आणि रुक्मीला एका पायानं दुसरा पाय दाबून उभं केलं, नखं निळी पडेपर्यंत. मागं परातीतलं पीठ पुन्हा खाली पडायला लागलेलं. पुढच्या चौकटीत कानाला फोन, आणि फुग्यात एकच शब्द, ‘हॅलो’.

फुगा तिनं आधी काढला होता. ‘हॅ’वरचा चंद्र रेघेच्या बाहेर गेला होता. मी खोडरबर उचललं आणि परत ठेवलं.